साडेसतरा ब्रिक्स : परसातल्या हमिंगबर्डच्या नोंदी, उन्हाळा २०२५

२० एप्रिल, रविवार
मध्य न्यू जर्सी. आज या वर्षीचा पहिला फीडर, म्हणजे हमिंगबर्डसाठी साखरपाण्याचं भांडं, टांगला. गेली दोन वर्षं लावतोय, पण मोजलं कधीच नाही. पक्षी आले, आम्ही खिडकीशी जमलो, पक्षी गेले, संपलं. या वर्षी अण्णा आणि आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. अण्णा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं केमिस्ट होते. मी साखरपाणी कपानं मोजतेय हे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "असं अंदाजपंचे करून काय कळणार, बाळ? वही आण." ही ती वही.

प्रमाण इथे सगळे वापरतात तेच, एक भाग पांढरी साखर आणि चार भाग पाणी. अण्णांनी ते वजनात बसवलं : १०० ग्रॅम साखरेला ४७० मि.ली. पाणी. मग बॅगेतून त्यांचा जुना हँड रिफ्रॅक्टोमीटर, रसातली साखर मोजायची नळी, निघाला. काचेवर थेंब टाकला, झाकण दाबलं, उजेडाकडे तोंड करून नळी डोळ्याला लावली. १७.५ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम द्रावणात साडेसतरा ग्रॅम साखर. "तोडणीला आलेला ऊस वीसच्या पुढे दाखवतो," अण्णा म्हणाले, "हा अजून कोवळा ऊस आहे." हमिंगबर्डच्या फुलांचा मधुरस साधारण २० ते २५ टक्के साखरेचा असतो आणि त्यात मुख्यतः सुक्रोजच असतं, म्हणजे उसात असतं तेच. हे वाचून दाखवल्यावर अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा होता. जन्मभर ज्या साखरेचा हिशेब ठेवला, ती इथल्या फुलांत आधीपासून होती.

आईनं विचारलं, साखरेपेक्षा गूळ का नको? गूळ नकोच. गुळात आणि ब्राउन शुगरमध्ये लोह असतं, ते या एवढ्याशा शरीराला झेपत नाही. मधही नको, तो पाण्यात मिसळला की लवकर आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. तांबडा रंग तर मुळीच नको, फीडरची तांबडी झाकणी पुरेशी आहे.

अण्णांची एक अट आहे : ब्लँक हवा. फीडरमधून कमी झालेलं सगळं पाणी पक्ष्यांनी प्यायलं असं धरायचं नाही, काही उन्हानं उडतं. म्हणून तसलाच दुसरा फीडर आणला, त्याला बारीक जाळी गुंडाळली, आणि तोही शेजारी टांगला. दोन्हींत २४० मि.ली. फरक येईल तो पक्ष्यांचा.

२६ एप्रिल, शनिवार
कोणी नाही. साखरपाणी बदललं. दोन्ही फीडरमधून ४ मि.ली. कमी. ब्लँकचा ब्रिक्स १७.८. "बघ," अण्णा म्हणाले. मी पाहिलं.

३० एप्रिल, बुधवार
सकाळी ६:५० ला नर आला! आईनं पाहिला. ती चहा घेऊन उभी होती आणि तिला वाटलं भुंगा आहे, आवाज तसाच. मग तो वळला आणि गळा पेटला. हा तिचा शब्द, आणि मला दुसरा सुचत नाही.

रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या भागात घरटं करणारा हा एकटाच हमिंगबर्ड. वजन तीन ग्रॅमच्या आसपास. सेकंदाला पन्नासेक वेळा पंख हलतात, तो गुणगुणाट त्यांचाच. नर आधी येतात, माद्या आठवडा-दहा दिवसांनी. हा मध्य अमेरिकेतून किंवा मेक्सिकोतून आलाय, आमच्या डेकच्या खांबावर, एकटा.

अण्णा उठून येईपर्यंत तो गेला होता. ते दिवसभर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी साडेसहाला दिसला, पण सावलीत, आणि सावलीत त्याचा गळा काळा दिसतो. लाल रंग पिसात नसतोच. पिसातल्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो तेव्हा तो लाल होतो, कोन चुकला की विझतो. अण्णा म्हणाले, "उद्या बघू. ऊन कुठल्या बाजूनं येतं ते लिहून ठेव."

३ मे, शनिवार
अण्णांनी सकाळी ७:१० ला पाहिला, उन्हात. वहीत त्यांच्या अक्षरात एकच शब्द : "पाहिला."

११ मे, रविवार
पहिली मादी. पांढरा गळा, शेपटीच्या कडांना पांढरे ठिपके. परसातलं तांबडं कोलंबाइन ऐन फुलात आहे आणि ती फीडरआधी तिथे गेली. मला ते आवडलं. कोलंबाइन इथलं रानफूल, हे पक्षी पोचतात त्याच सुमाराला उमलतं.

फीडर वजा ब्लँक : दिवसाला ९ ते ११ मि.ली.

अण्णांना हा आकडा पटेना. "तीन ग्रॅमचा पक्षी आणि दहा मिलिलिटर? तिप्पट?" दोन पक्षी धरले तरी प्रत्येकी पाच, म्हणजे वजनापेक्षा जास्तच. पण हे खरं आहे. उडताना त्यांचं हृदय मिनिटाला हजाराच्या पुढे धडधडतं, आणि दर काही मिनिटांनी खाल्लं नाही तर भागत नाही. गार रात्री ते शरीराचं तापमान खाली आणतात, सगळं मंद करतात आणि तसेच फांदीला धरून रात्र काढतात. सकाळी परत ऊब येईपर्यंत हलताही येत नाही. अण्णांनी हे ऐकून म्हटलं, "बॉयलर बँक करून ठेवतात तसं." आग पूर्ण विझवायची नाही, दाबून ठेवायची.

१७ मे, शनिवार
मुंग्या लागल्या. बाजारात फीडरच्या वर टांगायची पाण्याची वाटी मिळते. आईनं ती पाहिली आणि म्हणाली, "फडताळाच्या पायाखाली आपण ठेवायचो तेच की हे." तेच. आता तिचं काम रोज ती वाटी भरायचं.

२५ मे, रविवार
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

आई डेकच्या छपराखालची जळमटं काढायला झाडू घेऊन चढली होती, स्टुलावर. मी ओरडणारच होते. तेवढ्यात मादी तिच्या डोक्यापासून दीड हातावर येऊन हवेत थांबली, आणि जळमटात चोच खुपसून मान फिरवायला लागली. एकदा, दोनदा, सुताची गुंडी करावी तशी. चोचीला जाळं गुंडाळलं आणि गेली. पाच मिनिटांत परत आली.

आई स्टुलावरून उतरली, झाडू बाजूला ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "घर बांधतेय गं."

हो. घरटं एकटी मादीच बांधते, नराचा त्यात काही भाग नाही. अंडी उबवणं, पिलं वाढवणं, सगळं तिचंच. कापसासारखी झाडांची म्हातारी आणि तंतू आत, वरून दगडफुलाचे तुकडे, आणि हे सगळं कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेलं. घरटं अर्ध्या अक्रोडाएवढं. जाळं ताणतं, म्हणून पिलं वाढतात तसं घरटंही पसरतं. जाळं नाही तर घरटं नाही.

आता नियम झालाय की या घराची बाहेरची जळमटं ऑक्टोबरपर्यंत काढायची नाहीत. आईनं आयुष्यात पहिल्यांदा असा नियम केला असेल. शेजारच्या बाई आल्या तेव्हा तिनं माझ्याकडून त्यांना हे इंग्रजीत सांगवलं, कारण छताकडे पाहून त्यांना काय वाटेल याची तिला काळजी.

१ जून, रविवार
घरटं सापडलं. उताराकडच्या मेपलच्या बारीक फांदीवर, जमिनीपासून पाच मीटर तरी वर. बांडगुळाची गाठ वाटते. मी दुर्बिणीतून तीन वेळा पाहूनही ओळखलं नव्हतं. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिनं ओळखलं : "आई, त्या गाठीला शेपटी आहे."

आम्ही सगळे लांबूनच पाहणार. शिडी नाही, फांदी वाकवणं नाही, फोनचा कॅमेरा काठीला बांधून वर नेणं नाही. स्थलांतरी पक्ष्यांचा १९१८ चा कायदा इथे अजून लागू आहे, घरट्याला धक्का लावणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी आम्ही तेच केलं असतं.

१४ जून, शनिवार
फीडर वजा ब्लँक : दिवसाला ४ मि.ली. फक्त. कधी ३.

अण्णा अस्वस्थ. साखरपाण्यात काही चुकलं का? ब्रिक्स तपासला, वास घेतला, नवीन केलं. काही चुकलेलं नाही. माद्या अंड्यांवर बसल्यात, त्यांना फेऱ्या मारायला वेळ नाही, आणि परसात फुलं आलीत. तांबड्या ट्रंपेट हनिसकलचा वेल कुंपणावर लगडलाय. शिवाय हे पक्षी केवळ साखरेवर जगत नाहीत. चिलटं, बारीक माश्या, कोळी हा खरा आहार, त्यातून प्रथिनं मिळतात. पिलांना तर किडेच भरवतात.

इथे माझं ठाम मत झालंय ते लिहून ठेवते. फीडर हा चहाचा कप आहे, जेवण परसात आहे. ज्याला हमिंगबर्ड हवेत त्यानं आधी कीटकनाशक फवारणं बंद करावं, मग देशी वेल आणि झुडपं लावावीत, आणि मग फीडर आणावा. आम्ही उलट्या क्रमानं केलं. हिरवळीवर फवारणी करायला माणूस यायचा, त्याला आम्ही मागच्या वर्षीपर्यंत पैसे देत होतो. आता बंद आहे.

आईनं फीडरपासून थोडं दूर पिकलेल्या केळ्याची सालं जाळीच्या पिशवीत टांगली. चिलटं जमली. दुसऱ्या दिवशी मादी त्यांच्यातून सपासप उडताना दिसली.

२४ जून, मंगळवार
डेकवरच्या थर्मामीटरवर दुपारी ३८ अंश. उष्णतेची लाट तिसऱ्या दिवशीही तशीच. सकाळी भरलेलं साखरपाणी संध्याकाळी गढूळ, किंचित आंबूस. ब्रिक्स उतरला, १६.९. ब्लँक मात्र चढलेला होता, कारण त्यातलं पाणी उडालं आणि त्यात कोणी जीभ घातली नव्हती.

अण्णांना हे नवीन नाही. "ऊस तोडल्यावर वेळेत गाळला नाही की रस असाच उतरतो. केन यार्डात गाड्या उभ्या राहिल्या, वर ऊन, की आमच्या पोटात गोळा यायचा." त्यांनी नियम घालून दिला : ३० अंशांच्या वर रोज बदलायचं, २५ ते ३० ला एक दिवसाआड, त्याच्या खाली तीन दिवसांनी. फीडर पूर्ण भरायचा नाही, लागेल तेवढंच, १०० मि.ली. धुताना साबण नाही, गरम पाणी आणि बाटलीचा ब्रश, आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर. भोकांच्या आतली काळी बुरशी दात घासायच्या जुन्या ब्रशानं.

घरट्यातल्या पिलांना या उन्हात काय होत असेल याची काळजी दिवसभर होती. मादी घरट्याच्या काठावर पंख अर्धे उघडून उभी दिसली. सावली करत होती.

६ जुलै, रविवार
आता भांडणाचा प्रयोग.

नर फीडरपासून दहा हातांवर काटकीवर बसतो आणि जो येईल त्याला हाकलतो. माद्या, दुसरा नर, एकदा तर गोल्डफिंच. तो स्वतः फारसं पीत नाही, नुसता राखण करतो. संध्याकाळी ६ ते ७ या वेळात पाच दिवस मोजले. पाठलाग रोज सरासरी २३.

फीडर दोन लावले तरी एका काटकीवरून दोन्ही दिसत असतील तर एकच राजा पुरतो. म्हणून जाळीशिवायचा आणखी एक फीडर घराच्या कोपऱ्यापलीकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीशी लावला. भिंत मध्ये. पुढचे पाच दिवस मोजू. मोजायचं काम मुलीचं, ती दर पाठलागाला वाटीत एक शेंगदाणा टाकते.

८ जुलै, मंगळवार
घरटं रिकामं. काल दोन चोची काठावर दिसत होत्या. आज नाहीत. फांदीखाली जमीन शोधली, काही पडलेलं नाही. उडाली असणार.

१२ जुलै, शनिवार
शेंगदाण्यांचा निकाल. पाठलाग रोज सरासरी ९. आधी २३ होते. भिंत कामाला आली.

मुलगी बी बामच्या ताटव्यातून धावत आली, "पिल्लू! एवढंसं!" गेलो तर तो पतंग होता, हमिंगबर्ड क्लिअरविंग. हवेत थांबतो, सोंडेनं रस पितो, पंख पारदर्शक. डोक्यावर शृंगिका दिसल्या की पक्षी नाही हे कळतं. आमच्या सातारच्या नात्यातले बरेच जण छातीठोकपणे सांगतात की त्यांच्या बागेत हमिंगबर्ड येतो. ते शिंजीर असतात नाहीतर असेच पतंग. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांतच.

आईनं यावर विचारलं, "आपल्याकडे का नाही मग? फुलं काय कमी आहेत?" चांगला प्रश्न आहे. एके काळी अमेरिकेबाहेरही होते. जर्मनीत तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडलेत, लांब चोच, हवेत थांबता येईल असे खांदे. २००४ मध्ये ते जगापुढे आले. मग तिकडून नाहीसे झाले. आपल्या शिंजिराचा त्यांच्याशी रक्ताचा संबंध नाही. फुलातला रस तोच, म्हणून चोच तशी झाली. हमिंगबर्डचं खरं गोत्र पाकोळीचं. अण्णांनी मान हलवली. संध्याकाळी आमच्या गावावर चिम्नी स्विफ्ट, म्हणजे धुरांड्यात घरटं करणाऱ्या पाकोळ्या, गिरक्या घेतात, त्या त्यांनी आल्या आल्या ओळखल्या होत्या : "या आपल्या वाड्याच्या कमानीतल्या पाकोळ्यांसारख्या." दोघांचेही पाय इवलेसे, धड चालता येत नाही. पाकोळी आणि हा रत्नासारखा जीव एका घरचे, हे त्यांना फार आवडलं. रात्री जेवताना परत तोच विषय.

२६ जुलै, शनिवार
दिवसाला २८ मि.ली. पिलं फीडरवर आली. चोच कुठे घालायची ते कळत नाही, झाकणीवरच्या स्क्रूला चोच मारून पाहतात.

अण्णांनी विचारलं, पितात कसे? नळीनं ओढतात? दीडशेहून जास्त वर्षं अशीच समजूत होती की जीभ ही केशनलिका आहे, पाणी आपोआप वर चढतं. कनेटिकट विद्यापीठात अलेहांद्रो रिको-ग्वेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी पारदर्शक कृत्रिम फुलं करून वेगवान कॅमेऱ्यानं ते पाहिलं. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की जिभेची दोन टोकं रसात शिरताच उलगडतात आणि बाहेर येताना मिटून रस पकडतात. २०१५ मध्ये पुढचा भाग कळला : जिभेच्या पन्हाळी चोचीत दाबून चपट्या होतात आणि रसाला लागताच फुगून रस ओढून घेतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा. "म्हणजे पंप आहे," अण्णा म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. जन्मभर पंपांच्या तक्रारी ऐकलेल्या माणसाला तीन ग्रॅमचा न बिघडणारा पंप दाखवला होता मी.

९ ऑगस्ट, शनिवार
वाईट सकाळ. ८:२० ला डेकच्या काचेच्या दारावर टक्. बारीक आवाज, खडा लागावा तसा. लाकडावर या वर्षीचं पिल्लू, पंख पसरून.

बुटांच्या खोक्यात रुमाल घालून त्यात ठेवलं, झाकण लावलं, सावलीत. पाणी पाजायचा प्रयत्न केला नाही, करायचा नसतो. आई देवघरापाशी जाऊन बसली. पंचवीस मिनिटांनी खोक्यातून खरखर ऐकू आली. बाहेर नेऊन झाकण काढलं. दोन क्षण तसंच. मग सरळ वर गेलं, मेपलमध्ये.

चूक आमची. फीडर काचेपासून तीन मीटरवर होता, सगळ्यात वाईट अंतर. पाठलागात वेग घ्यायला जागा मिळते आणि काचेत झाडं दिसतात. काचेपासून एक मीटरच्या आत ठेवला तर वेग येत नाही, नाहीतर नऊ मीटरच्या पलीकडे न्यावा. मी हे वाचलेलं होतं. मोजण्याच्या नादात अंतर मोजायचं राहिलं. आजच फीडर दारापासून ६० सेंटीमीटरवर आणला, आणि काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर पांढऱ्या ठिपक्यांची पट्टी लावायला घेतली. अर्धं दार झालं, उरलेलं उद्या.

१७ ऑगस्ट, रविवार
फीडरवर मोठा हिरवा खंडोबाचा घोडा बसलेला, पुढचे पाय जोडून. हा किडा हमिंगबर्ड पकडू शकतो, हे खरं आहे. अण्णांनी त्याला काठीवर घेऊन परसाच्या दुसऱ्या टोकाला गवतात सोडलं. मारला नाही, आणि मारू नये असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

गांधीलमाश्याही वाढल्यात. पण बशीसारख्या फीडरमध्ये पाणी भोकापासून खाली असतं, त्यांना पोचत नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
मोठा नर आज दिसला नाही. कालही नव्हता. काटकी रिकामी. नर आधी जातात. आता जे लाल गळ्याचे दिसतील ते दुसरीकडून निघालेले वाटसरू.

त्याच्या जागी या वर्षीचे तरुण नर, गळ्यावर बारीक रेषा आणि मधेच एखादं लाल पीस. जसं एकच कुंकवाचं बोट.

३१ ऑगस्ट, रविवार
गौरी आवाहन.

परसाच्या ओलसर कोपऱ्यात, पावसाचं पाणी जिथे उतरतं तिथे, ज्यूलवीड कमरेएवढं वाढलंय. नारिंगी लोंबती फुलं, मागे आकडा. जूनमध्ये आईनं ते रोप पाहून म्हटलं होतं, "हा तर तेरडा." मी नाही म्हणाले होते. मग शेंगा धरल्या आणि तिनं एक चिमटीत धरली. फटकन् फुटली, बिया माझ्या चष्म्यावर. तिचं बरोबर होतं. आपला तेरडा आणि हे ज्यूलवीड एकाच कुळीचे, इम्पेशन्स, सख्खी भावंडं.

आमच्याकडे गौर तेरड्याची. इथे दर वर्षी मुखवट्यांवर भागवायचो. आज आई सकाळी पत्री कापायची कात्री आणि ताम्हन घेऊन त्या कोपऱ्याकडे निघाली. मी मागून. ज्यूलवीडवर तीन हमिंगबर्ड होते. फुलात डोकं घातलं की कपाळाला पराग लागतो, पांढरा. तिन्ही कपाळं पांढरी. ही फुलं आणि त्यांचा दक्षिणेकडचा प्रवास एकाच वेळी, जुलै ते सप्टेंबर. आई बराच वेळ उभी राहिली. मग मागच्या बाजूनं, जिथे फुलं नव्हती तिथल्या पाच डहाळ्या घेतल्या, हळदकुंकू वाहून. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, हे तर कापल्यावर तासाभरात माना टाकतं. आईनं देठ ओल्या फडक्यात गुंडाळून गौरी उभ्या केल्या. माना टाकलेल्या होत्या, पण गौर तेरड्याची होती.

आजचा आकडा घ्यायला संध्याकाळ झाली. ६१ मि.ली. हा उन्हाळ्यातला सर्वात मोठा. एका वेळी जास्तीत जास्त सात पक्षी दिसले. एकूण किती येऊन जातात ते पायात कडी घातल्याशिवाय सांगता येत नाही, सगळे सारखेच.

६ सप्टेंबर, शनिवार
शेजारच्या बाईंनी आपुलकीनं सांगितलं, लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला, आता फीडर काढा, नाहीतर पक्षी अडकून राहतील. असं होत नाही. दिवस लहान होतो तशी त्यांच्या शरीरात निघायची तयारी सुरू होते, समोर साखरपाणी असलं तरी ते निघतात. उलट उत्तरेकडून येणाऱ्यांना आताच गरज आहे. मी त्यांना अण्णांची वही दाखवली. त्यांना मराठी येत नाही, पण आकडे पाहिले आणि घरी जाऊन त्यांचा फीडर परत लावला.

अण्णांनी आज हिशेब मांडला. तीन ग्रॅमचा पक्षी निघण्याआधी चरबी साठवून जवळजवळ दुप्पट होतो. साखरेच्या ग्रॅमला ४ किलोकॅलरी, चरबीच्या ग्रॅमला ९. "म्हणून चरबी करून नेतात, साखर नेली असती तर दुप्पट वजन झालं असतं." मेक्सिकोचं आखात काही जण एका दमात ओलांडतात, ८०० किलोमीटरच्या आसपास, खाली पाणी. काही टेक्सासच्या किनाऱ्यानं जमिनीवरून जातात. थवा नाही, वाटाड्या नाही. आमच्या मेपलमध्ये जुलैत उडालेली दोघं कधीही न पाहिलेल्या वाटेनं एकेकटी जाणार.

तरी निम्मे परत येत नसतील, असं अण्णा म्हणाले. मग मी त्यांना वेस्ट व्हर्जिनियातल्या मादीचं सांगितलं. कडी घातलेली होती, २०१४ मध्ये पुन्हा सापडली तेव्हा निदान नऊ वर्षं दोन महिन्यांची. म्हणजे ती वाट तिनं जाऊन-येऊन अठरा वेळा तरी केली असणार. अण्णांनी चष्मा काढून पुसला.

१४ सप्टेंबर, रविवार
२२ मि.ली. कार्डिनल फ्लॉवर अजून फुलतंय. एका वेळी दोनच पक्षी.

२८ सप्टेंबर, रविवार
सकाळी ७:४० ला एक पिल्लू, गुबगुबीत, मान दिसत नाही एवढं. चार मिनिटं फीडरवर बसून प्यायलं. हवेत न थांबता. मग काटकीवर. मग नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
अण्णा-आईंना विमानतळावर सोडलं. रिफ्रॅक्टोमीटर अण्णांनी नेला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर रकाने आखून ठेवलेत : तारीख, फीडर, ब्लँक, फरक, ब्रिक्स. बारा तारखेपर्यंत. शेवटचा पक्षी दिसल्यावर दोन आठवडे फीडर ठेवायचा, असं आमचं ठरलं होतं.

आईनं जाताना जळमटांकडे बोट करून सांगितलं, आता काढ म्हणून. पण मग थांबली आणि म्हणाली, राहू दे, लवकर येणाऱ्यांना लागतील.

१२ ऑक्टोबर, रविवार
फीडर उतरवले. शेवटच्या चार दिवसांनंतर उरलेलं. फीडर : ९७ मि.ली. ब्लँक : ९७ मि.ली. फरक : शून्य. ब्रिक्स दोन्हींचा १७.९.

अण्णांना फोन केला, तिकडे रात्रीचे साडेनऊ. आकडे वाचून दाखवले. त्यांनी ब्लँकचा आकडा परत विचारला. मी परत सांगितला.

"बरोबर आहे. हंगाम बंद, असं लिही," ते म्हणाले. "आणि सगळे उघडून धू. भोकं कोरडी कर, मगच ठेव."

धुतले. डेकच्या कठड्यावर उन्हात उपडे घातलेत.